धुरांड्याचा गंज

शब्दांच्या बाबतीत आपली मराठी कधी उदार असते, तर कधी काटकसरी. लोखंडावर चढणाऱ्या तांबूस पापुद्र्याला आपण गंज म्हणतो, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या स्वयंपाकघरात दूध-पाणी तापविण्याच्या उभट भांड्यालाही गंजच म्हणतात. गव्हाच्या पानांवर तसाच तांबूस रोग पडला की शेतकरी त्याला तांबेरा म्हणतो. वैद्यांनी तर या गंजाचेही सोने केले. जुन्या लोहकिट्टाचे मंडूर करून ते शतकानुशतके पांडुरोगावर देत आले आहेत. परंतु हा गंज जेव्हा आपल्या दारातल्या वाहनावर चढतो, तेव्हा त्यात कसलाही औषधी गुण उरत नाही. तो मुकाट्याने पत्रा खात राहतो आणि एके दिवशी भोक पाडूनच आपले अस्तित्व जाहीर करतो.

कुटुंबाच्या मासिकात मोटारसायकलच्या सायलेंसरविषयी लेख पाहून काही वाचक-भगिनी हसतील. पण महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत, मग ते इंदूर-ग्वाल्हेरला असोत, बडोद्याला असोत की बेळगावला, वाहन ही केवळ वडिलांची वस्तू कधीच नव्हती. त्यावर मागे बसून मुलांनी पहिलीची शाळा पाहिली, गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन आई त्यावरूनच घरी आली, आणि रात्री-अपरात्री आजोबांना दवाखान्यात नेले तेही त्यावरच. असे वाहन भंगारात द्यावयाचे की दुरुस्त करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे घरातल्या सर्वांचा होतो.

गेल्या महिन्यात देवासच्या एका भगिनींचे पत्र आले. नाव देण्याची त्यांची इच्छा नाही. पत्राचा आशय असा, की त्यांच्या यजमानांनी १९८८ साली एक वापरलेली येझ्दी मोटारसायकल घेतली होती. ती त्यांनी २०१६ पर्यंत, म्हणजे आजारी पडेपर्यंत, चालविली. यजमान गेले आणि गाडी जुन्या घराच्या बोळवजा प्रवेशमार्गात उभी राहिली. आता मुलगा मिळवता झाला आहे आणि त्याला वडिलांची गाडी चालवावयाची आहे. इंजिन थोड्या खटपटीने सुरू झाले; मात्र दोन्ही बाजूंचे सायलेंसर गंजाने तांबडे झाले आहेत. मिस्त्री म्हणतो, ‘फेकून द्या, नवे नकली मिळतात.’ दीर म्हणतात, ‘वरून चांदीचा रंग मारा, कोण पाहतो?’ मुलाचे मित्र म्हणतात, ‘मागचा भाग कापून टाक, आवाज दणदणीत येईल.’ शेवटी भगिनी लिहितात, ‘मला यातले काही कळत नाही. परंतु त्या नळ्या ते दर रविवारी स्वतः पुसत असत. त्या टाकवत नाहीत. काय करावे?’

या तीन सल्ल्यांपैकी एकही स्वीकारण्यापूर्वी गंज कोठून आला हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लोखंडाला गंजण्यासाठी दोन गोष्टी लागतात, हवेतील प्राणवायू आणि पाणी. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली, की डोळ्यांना दिसणार नाही असा पाण्याचा पातळ थर लोखंडावर बसतो आणि क्रिया वेग घेते. मिठाचा अंश असेल तर ती आणखी झपाट्याने चालते. गोव्याच्या आणि कोकणच्या वाचकांना हे सांगावयास नकोच. माळव्यात समुद्र नाही. पण आपल्या हाताच्या घामात मीठ असते, आणि पावसाळ्याचे चार महिने आर्द्रतेला तोटा नसतो. गंजाचा दुसरा दुर्गुण असा, की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, फुटतो आणि पापुद्र्यांनी गळून पडतो. खाली नवे लोखंड उघडे पडते व तेही गंजू लागते. ॲल्युमिनिअमवर बसणारा थर याउलट घट्ट चिकटून राहतो व खालच्या धातूचे रक्षण करतो.

हे झाले बाहेरचे. सायलेंसरचा खरा शत्रू बहुधा आत असतो. पेट्रोलमध्ये मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन ही दोन मूलद्रव्ये असतात. जळताना हायड्रोजनाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर पडते, म्हणून आपल्याला दिसत नाही. पण थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली, की शेपटाकडून पाण्याचे थेंब ठिबकतात, ते हेच पाणी. इंजिनाजवळची नळी मिनिटभरात तापते. शेवटचे टोक तापावयास मात्र बराच वेळ लागतो. घरापासून भाजीबाजार आणि भाजीबाजारापासून घर एवढाच ज्या गाडीचा प्रवास, तिच्या सायलेंसरचा मागचा भाग कधी पुरता वाळतच नाही. त्या पाण्यात धुरातील आम्लवायू विरघळतात आणि पत्रा आतून कुरतडला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त दहा भाग एवढेच ठेवले आहे. त्यामुळे गंधकाम्लाचा त्रास पुष्कळ कमी झाला. पाण्याचा त्रास मात्र आहे तेवढाच आहे.

येथे देवासच्या भगिनींच्या बाजूने एक गोष्ट आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझ्दी या नावाने ज्या गाड्या काढल्या, त्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. हा कारखाना १९९६ साली बंद झाला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. ते अर्धवट जळून सायलेंसरच्या आत काळा, तेलकट, चिवट थर बसवते. हा थर वाढला म्हणजे धुराची वाट अडते आणि गाडीची ओढ कमी होते. परंतु तोच थर आतल्या पत्र्यावर मलमासारखा पसरून गंजाला रोखतो. त्यामुळे बाहेरून भयंकर दिसणारा जुन्या येझ्दीचा सायलेंसर आतून पुष्कळदा धडधाकट निघतो. फोर-स्ट्रोक गाड्यांना हे तेलाचे कवच लाभत नाही. तेव्हा मिस्त्रीने नुसत्या रंगावरून दिलेला निकाल मान्य करू नये. आधी परीक्षा घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. गाडी पूर्ण थंड असताना स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने नळीवर, पुढून मागे, हलके ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला पत्रा भदभद आवाज करतो. खालचा भाग आणि जोडाच्या शिवणी विशेष पाहाव्यात, कारण पाणी तेथेच साचते. संशय येईल तेथे टोकदार अवजाराने जरा दाबून पाहावे. टोक आत गेले तर तेवढा पत्रा संपला असे समजावे. नळी हलवून पाहावी. आत काही खुळखुळले तर आतील जाळीचा किंवा पडद्याचा भाग सुटला आहे. जोडांभोवती काजळीचे डाग दिसले, तर तेथून धूर गळतो. भोके एक-दोन व बारीक असतील, भोवतालचा पत्रा मजबूत असेल, तर त्याच जाडीचा तुकडा लावून वेल्डिंग करता येते. तुकडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा मात्र असू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा विषारी धूर निघतो. भोक बुजविण्यासाठी लांबी भरणे व्यर्थ आहे. उष्णतेने ती महिनाभरातच झडते. खालची बाजू चाळणीसारखी झाली असेल तर मात्र मोह सोडावा आणि नवी नळी घ्यावी. जुने जपणे आणि जीर्णाला कवटाळणे यांत फरक आहे.

परीक्षेत उतरलेली नळी गाडीवरून उतरवावी. गंजलेले नट जोर लावून फिरवू नयेत. स्टड मोडला तर सायलेंसरचे दुखणे इंजिनाला जडते. आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे आणि मग थोडे घट्ट, थोडे सैल अशा रीतीने नट हलवावा. येझ्दीची नळी सिलिंडरला मोठ्या गोल नटाने कसलेली असते. त्यासाठी आकड्यासारखा खास पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने तो नट ठोकू नये. जोडातील जुने पॅकिंग अॅस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो. ते कोरडे खरवडू नये, पाण्याने भिजवून काढावे व पिशवीत बांधून टाकावे. ती धूळ फुप्फुसात गेली तर तिचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात.

आतील काजळी काढण्यासाठी काही मिस्त्री सायलेंसर आगीत जाळतात. काजळी जाते हे खरे, पण त्याबरोबर क्रोमची चमक निळी-काळी पडते. दुसरा मार्ग कॉस्टिक सोड्याचा. नळीचे एक तोंड घट्ट बंद करून दहा लिटर पाण्यात साधारण एक किलो सोडा या प्रमाणाचे द्रावण आत भरून दिवसभर ठेवतात. येथे तीन नियम मोडू नयेत. सोडा पाण्यात हळूहळू टाकावा, सोड्यावर पाणी कधी ओतू नये. कारण तो उसळतो. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असल्याखेरीज हात लावू नये. आणि ॲल्युमिनिअमच्या कोणत्याही भागाला हे द्रावण लागू देऊ नये, तो खाल्ला जातो. ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे हे काम कारखान्यातच करून घ्यावे हे बरे. नव्या गाड्यांच्या सायलेंसरमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तेथे सोडा, आम्ल, पाणी यांपैकी काहीही आत घालू नये.

आता बाहेरच्या गंजाकडे वळू. प्रथम नळीचा पृष्ठभाग कोणता आहे हे ओळखावे. क्रोमची चकाकी शिल्लक असेल तर उपचार वेगळा, पत्रा उघडा पडला असेल तर वेगळा. क्रोमच्या मुलाम्याविषयी एक गैरसमज आहे, की पत्र्याचे रक्षण क्रोम करतो. वास्तविक रक्षण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर. तो साधारण दहा ते तीस मायक्रॉन जाड असतो. क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. कामगारांनी निकेलमध्ये कसर केली, की पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ठिपके उमटतात. अशा पातळ थरावर पॉलिश पेपर घासणे म्हणजे उरलेसुरले संरक्षणही घालविणे. त्याऐवजी पोळ्या गुंडाळण्याची ॲल्युमिनिअमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावी. ॲल्युमिनिअम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही, आणि गंजाचे ठिपके मात्र निघून येतात. सुटलेला काळसर चिखल ओल्या फडक्याने पुसत जावे. ठिपक्यांच्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतील. ते भरून येत नाहीत, पण नळी पाहण्याजोगी होते. शेवटी कोरडे करून मागच्या, कमी तापणाऱ्या भागाला मेणाचे पॉलिश द्यावे.

पत्रा उघडा पडला असेल, तर तारेच्या ब्रशाने सुटे पापुद्रे काढावेत. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२० व २४० वर यावे. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला कापड बांधण्यापेक्षा बाजारात मिळणारा चांगला मास्क वापरावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. खड्ड्यांतील गंज घासून निघत नाही. तेथे आम्ल लागते. आपल्या आया-आज्या चिंचेच्या कोळाने तांब्या-पितळेची भांडी लख्ख करीत, त्यातले तत्त्व हेच. लोखंडासाठी फॉस्फोरिक आम्ल हे सर्वांत सोयीचे. गंज काढण्याची जी द्रावणे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्यांतील पुष्कळांत हेच असते. ते गंज विरघळवते आणि राहिलेल्या लोखंडावर लोहफॉस्फेटाचा करडा थर चढवते. संडास धुण्याचे आम्ल मात्र याकामी कदापि वापरू नये. त्यातील क्लोराइड खड्ड्यांत दडून बसते आणि आठवड्याभरात गंज दुप्पट जोमाने परत येतो.

या फॉस्फेटाच्या थराची कथा आपल्या माळव्याशी जोडलेली आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. धारच्या लाट मशिदीच्या आवारात लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे ओळीने मांडून ठेवले आहेत. एकत्र धरले तर त्यांची लांबी सुमारे १३ मीटर भरते. परंपरा हा स्तंभ अकराव्या शतकातील राजा भोजाच्या काळाशी जोडते. त्याहून प्राचीन असा दिल्लीचा सात मीटरांहून उंच लोहस्तंभ गुप्तकाळातला, म्हणजे सुमारे १६०० वर्षांचा. ऊन-पावसात उभे-आडवे राहूनही हे लोखंड खाऊन का गेले नाही, या प्रश्नावर कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम (१९६१–२००९) यांनी दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा निष्कर्ष असा, की आपल्या प्राचीन लोहारांच्या भट्टीत चुनखडी घालीत नसत. त्यामुळे कच्च्या धातूतील फॉस्फरस लोखंडातच राहिला. गंजण्याची क्रिया सुरू झाल्यावर या फॉस्फरसाने पृष्ठभागाशी फॉस्फेटयुक्त दाट थर बनविला आणि पुढील गंजाला अटकाव केला. आजचे पोलाद बनविताना चुन्याच्या साहाय्याने फॉस्फरस मुद्दाम काढून टाकतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. म्हणजे जे त्या लोखंडाच्या पोटातच होते, ते आपण आज बाटलीतून आणून वरून लावतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना धारला नेलेत तर भोजशाळेबरोबर ही लाटही दाखवावी. रसायनशास्त्राचा एक धडा तेथे जमिनीवर पडलेला आहे.

असो. आम्ल लावल्यावर बाटलीवर सांगितलेल्या वेळेनंतर नळी भरपूर पाण्याने धुवावी आणि लगेच, अगदी लगेच, वाळवावी. धुतलेले उघडे पोलाद ओले राहिले तर तासाभरात त्यावर पिवळी झाक येते. कडक ऊन उत्तम. नसल्यास गरम हवेचा झोत द्यावा. गंजावर सरळ लावावयाची, वाळून काळी होणारी जी रंगासारखी द्रावणे मिळतात, ती फाटकाला अथवा खिडकीच्या गजांना ठीक आहेत. तापणाऱ्या नळीवर ती टिकत नाहीत, फुगून सुटतात.

आता दिरांच्या चांदीच्या रंगाविषयी. रंग द्यावयास हरकत नाही, परंतु तो गंजावर नको आणि साधाही नको. इंजिनाजवळची नळी कित्येक शे अंश तापते. साधा ऑइल पेंट तेथे जळून खपल्या धरतो. नेहमीचा रेड ऑक्साइडही तेथे निरुपयोगी. जस्ताचा प्रायमर घालावा म्हणाल, तर जस्त ४१९ अंश सेल्सिअसलाच वितळते. त्यासाठी सिलिकोनयुक्त उष्णतारोधक रंग मिळतो. डब्यावर सहाशे अंश किंवा तत्सम मर्यादा छापलेली असते. तो स्वच्छ, तेलविरहित, कोरड्या पत्र्यावर पातळ असे दोन-तीन हात देऊन लावावा. जाड थर दिला तर उष्णतेने फोड येतात. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट ही, की हा रंग नुसत्या हवेने पुरता पक्का होत नाही, त्याला भाजावे लागते. नळी बसवून गाडी दहा मिनिटे संथ चालू ठेवावी, पूर्ण थंड होऊ द्यावी. मग पंधरा-वीस मिनिटे, पुन्हा थंड. आणि तिसऱ्या खेपेस रस्त्यावर न्यावी. डब्यावरील सूचना याहून निराळी असेल तर तीच प्रमाण मानावी. भाजण्यापूर्वी रंगाला पेट्रोल किंवा बोटाचा घाम लागू देऊ नये.

ज्यांना मूळची चमकच हवी, त्यांनी नळी क्रोमच्या कारखान्यात द्यावी. तेथे जुना मुलामा उतरवतात, खड्डे घासून सपाट करतात, बफिंग करून निकेल आणि त्यावर क्रोम चढवितात. घासण्यात पत्रा पातळ होतो हे लक्षात घेऊन, मूळचाच पत्रा पातळ असेल तर हा हट्ट सोडावा. ‘निकेल भरपूर द्या, दोन दिवस उशीर चालेल,’ एवढे मालकाला आवर्जून सांगावे. क्रोमच्या टाकीतील रसायन अत्यंत विषारी असते, म्हणून घरच्या बादलीत हा प्रयोग करण्याचा विचारही कोणा उत्साही तरुणाने मनात आणू नये.

राहिला मित्रांचा सल्ला. मुलाने सायलेंसर कापावा की नाही? मुख्याध्यापक म्हणून या प्रश्नावर माझे मत काय असणार हे वाचकांनी ओळखले असेलच. पण मी शास्त्राच्या आधारे बोलतो. टू-स्ट्रोक इंजिनात धुराच्या दाबाच्या लहरी नळीत मागे-पुढे होतात आणि ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण न जळताच बाहेर निसटू पाहते, त्याला काही अंशी अडवितात. नळीची लांबी-रुंदी त्या हिशेबाने ठरविलेली असते. ती कापली की आवाज वाढतो, पण ओढ पुष्कळदा कमी होते आणि पेट्रोल अधिक जळते. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेंसर असणे बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या गल्लीत कोणाची आजी रात्रभर जागून पहाटे डोळा लावते, कोणाची मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसते, त्या गल्लीत शिरताना आपल्या येण्याची दवंडी पिटणे हे शौर्य नव्हे. वडिलांची गाडी त्या गल्लीला ज्या आवाजाने माहीत आहे, त्याच आवाजाने ती परत यावी.

एक गोष्ट भगिनींनी पत्रात सहज लिहिली आहे, परंतु ती वाचून मला चिंता वाटली. गाडी बोळवजा प्रवेशमार्गात उभी असते, मुलगा ती तेथेच सुरू करून पाहतो, आणि त्या बोळात वृद्ध सासूबाईंच्या खोलीची खिडकी उघडते. हे आजपासून थांबवावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. आणि माणसाला आपण गुदमरतो आहोत हे कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. बंदिस्त जागेत हे घडावयास फार वेळ लागत नाही. सायलेंसर फुटका असो वा नवा, गाडी आधी ढकलून रस्त्यावर आणावी आणि मगच किक मारावी. सायलेंसरचे बाकी सर्व काम महिनाभर लांबले तरी बिघडत नाही. हे मात्र लांबवू नये.

तसेच गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी कागद पाहावेत. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते व त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. गाडी अजून दिवंगत यजमानांच्या नावावर असेल तर ती वारसाच्या नावे करून घ्यावी. विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्रही हवे. नळ्या चकाकल्या आणि कागद गंजले, असे होऊ नये.

दुरुस्ती झाल्यावर निगा राखणे हे त्याहून सोपे, पण अधिक चिकाटीचे काम. आठवड्यातून एकदा तरी गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवावी, म्हणजे शेपटापर्यंत उष्णता पोहोचून आतील पाणी उडून जाते. सायलेंसरच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नये. तो कारखान्याचा दोष समजून वेल्डिंगने बंद तर मुळीच करू नये. तापलेल्या नळीवर थंड पाणी ओतू नये. पावसातून आल्यावर चिखल धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. गाडीवर प्लॅस्टिकचे घट्ट आवरण अथवा ओले गोणपाट टाकू नये, आत दमट हवा कोंडते. हवा खेळेल असे सुती कापड बरे. नळीभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची नवी हौस आहे. तिच्याखाली पावसाचे पाणी राहते व पत्रा नजरेआड कुजतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असेल तर शेवटचा लांब फेरफटका करून, थंड झाल्यावर बाहेरून तेलाचा हात फिरवावा आणि मागचे तोंड तेलात भिजवलेल्या फडक्याने बंद करावे. त्या फडक्याला लाल फीत बांधून ती हँडलवर दिसेल अशी ठेवावी, म्हणजे पुन्हा गाडी काढताना विसर पडणार नाही.

देवासच्या भगिनींना माझे उत्तर थोडक्यात असे. नळ्या टाकू नयेत. आधी ठोकून परीक्षा करावी. पत्रा धड निघाला तर आतील काजळी कारखान्यात काढून घ्यावी आणि बाहेरचे घासण्याचे काम मिस्त्रीकडे न देता मुलाकडे द्यावे. दोन रविवार पुरतील. त्याला पॉलिश पेपर, फॉइल, चांगला मास्क आणि उन्हाचा एक कोपरा द्या. वडील दर रविवारी त्या नळ्या का पुसत, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज राहणार नाही. एखादी नळी परीक्षेत नापास झालीच, तरी दुसरी वाचेल. दोन्ही गेल्या तर नव्या घ्याव्यात आणि तीच निगा त्यांना द्यावी; यजमानांची सवय पत्र्यापेक्षा टिकाऊ आहे.

पुढील अंकात, पावसाळा तोंडावर असल्याने, घराच्या लोखंडी फाटकांची आणि गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांची निगा हा विषय घेईन. त्यासंबंधी कोणाचे काही अनुभव असतील तर ते जरूर कळवावेत.